स्मोकर नसला तरी जर्की होते, थर्मामीटर नसला तर मात्र थांबा

जर्की, म्हणजे मीठ-मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, घरी करायची म्हणून कोणी शोधायला बसलं की पाच मिनिटांत गाडी अडकते. निम्म्या रेसिपी "स्मोकर (लाकडाच्या धुरात मांस वाळवायची पेटी) तापवून घ्या" इथूनच सुरू होतात, आणि उरलेल्या निम्म्या "ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर लावा, मांस रात्रभर ठेवा, झालं" एवढ्यावर संपतात. पहिली वाचून माणूस नाद सोडून देतो. दुसरी वाचून करायला जातो, आणि खरी काळजी या दुसऱ्या माणसाची वाटते, कारण नुसतं कोमट हवेत रात्रभर वाळवलेलं मांस दिसायला अगदी झकास होतं, चवीलाही छान लागतं, आणि तरी त्यात आजारी पाडणारे बॅक्टेरिया जिवंत असू शकतात.

म्हणून जरा मुळापासून सांगते. धूर काय करतो, वाळवणं काय करतं आणि उष्णता काय करते, या तीन गोष्टी एकदा वेगळ्या केल्या की कोणतंही यंत्र असो, आपलं आपल्याला ठरवता येतं.

जर्की म्हणजे नेमकं काय

पातळ कापलेलं, मीठ-मसाल्यात मुरवलेलं आणि मग आतलं पाणी काढून टाकलेलं मांस. एवढंच. शब्द आलाय दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'चार्की'वरून. अँडीज पर्वतात लामा आणि अल्पाकाचं मांस रात्रीची कडाक्याची थंडी आणि दिवसाचं ऊन यावर सुकवायचे, त्याला धूर लागायलाच हवा असं काही नव्हतं.

ताज्या मांसात साधारण ७० ते ७५ टक्के पाणीच असतं. म्हणून एक किलो मांस घेतलं की शेवटी हातात ३०० ते ४०० ग्रॅम जर्की येते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, बाकीचं पाणी होतं ते उडून गेलं.

मग धूर कशासाठी असतो?

मुख्यतः चवीसाठी. लाकूड जळताना त्यातून फिनॉल नावाची संयुगं निघतात, तो जो खमंग धुरकट वास येतो तो बराचसा त्यांचाच. ही संयुगं चरबी खवट व्हायला थोडी रोखतात, बॅक्टेरियांनाही थोडी आवरतात, पण हे सगळं पृष्ठभागावर, फार तर वरच्या काही मिलीमीटरपर्यंत. आत धूर पोचत नाही. पूर्वी उघड्यावर मांस टांगायचे तेव्हा धुरामुळे माश्या लांब राहायच्या, हाही एक मोठा फायदा होता, पण घरातल्या बंद ओव्हनमध्ये तो प्रश्नच येत नाही.

आणि स्मोकर तरी काय करतो? एका पेटीत गरम हवा फिरवतो आणि ओलावा बाहेर जाऊ देतो. मांस वाळतं ते त्या हवेमुळे, धूर नुसता सोबत असतो. ती गरम, फिरती हवा ओव्हनमध्येही मिळते आणि फूड डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे पदार्थ वाळवायच्या यंत्रात, तर अगदी हवी तशी मिळते.

चव हवीच असेल तर लिक्विड स्मोक वापरा, म्हणजे लाकडाचा खराच धूर पाण्यात उतरवून गाळून घेतलेला असतो. किलोभर मांसाला अर्धा चमचा पुरतो, जास्त घातलं तर औषधासारखं कडवट लागतं. नाहीतर स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड) घाला, रंगही सुंदर येतो. फक्त एक करू नका, घरातल्या ओव्हनमध्ये लाकडाचे तुकडे किंवा कोळसा जाळू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

पाणी काढल्यावर मांस टिकतं का?

बॅक्टेरियांना जगायला पाणी लागतं, पण मोकळं पाणी. मांसात एकूण किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती त्यांच्या हाती लागतंय हे महत्त्वाचं. याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, आपण याला 'मोकळं पाणी' म्हणू. शुद्ध पाण्याला १ धरतात, ताजं मांस ०.९९ च्या आसपास असतं, आणि ०.८५ च्या खाली गेलं की आजार पसरवणारे बॅक्टेरिया वाढू शकत नाहीत.

मीठ आणि साखर इथेच कामाला येतात. समजा एका खोलीत वीस खुर्च्या आहेत, वीसही तिथेच आहेत पण पंधरांवर आधीच कोणी बसलंय, तर नव्याने आलेल्याला फक्त पाचच मोकळ्या. मीठ आणि साखर पाण्याला असं अडवून ठेवतात. म्हणून थोडं मीठ असलेली जर्की, बिनमिठाच्या जर्कीपेक्षा थोडी ओलसर राहिली तरी टिकते.

बुरशी मात्र चिवट. ती ०.८५ च्या बरीच खालीसुद्धा तग धरते, त्यामुळे घरी करताना थोडं जास्त वाळवलेलं बरं.

आता नीट वाचा, कारण सगळा घोळ इथेच होतो. पाणी कमी झाल्यावर बॅक्टेरिया वाढत नाहीत असं म्हटलं, मरतात असं म्हटलेलं नाही. वाळलेल्या मांसात ते गपचूप पडून राहू शकतात, आणि ई. कोलायच्या ओ१५७:एच७ सारख्या प्रकाराचे अगदी थोडे पोटात गेले तरी माणूस गंभीर आजारी पडू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून याच बॅक्टेरियाने ११ जण आजारी पडले होते. तीही वाळवलेलीच होती.

मग ओव्हनच्या उष्णतेने ते मरत का नाहीत?

ओव्हन ६० डिग्रीवर लावला म्हणजे मांस ६० डिग्री झालं असं नाही होत. अंघोळ करून ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहा, खोली गरम असली तरी काटा येतो अंगावर, कारण पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. मांसाचंही तेच होतं. जोपर्यंत त्यातून पाणी उडतंय तोपर्यंत ते आजूबाजूच्या हवेपेक्षा बरंच थंड राहतं, तासन्‌तास. म्हणजे ज्या वेळात मांस ओलं असतं, बॅक्टेरिया मारायला सोपे असतात, नेमकं त्याच वेळात ते पुरेसं तापत नाही.

आणि जेव्हा मांस वाळून अखेर तापायला लागतं तेव्हा दुसरीच पंचाईत. हळूहळू सुकत गेलेले बॅक्टेरिया उष्णतेला दाद देईनासे होतात, आणि कोरडी उष्णता तशीही ओल्या उष्णतेपेक्षा लेचीपेची असते. १०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये हात घालून आपण झटकन ट्रे बाहेर काढतो, हवेने काही होत नाही. तेवढाच वेळ उकळत्या पातेल्याची वाफ हातावर घेऊन बघा (नका बघू), लगेच फोड येईल. तापमान तेच, फरक ओलाव्याचा.

म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा, सल्ला असा आहे: मांस वाळवण्याआधी ७१ डिग्री सेल्सियसपर्यंत तापवा, चिकन किंवा टर्की असेल तर ७४ पर्यंत, आणि मग ५४ ते ६० डिग्रीच्या हवेत वाळवा. आधी मारा, मग वाळवा. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा.

मांस कोणतं आणि कापायचं कसं

चरबी जितकी कमी तितकं चांगलं. पाणी उडून जातं, चरबी नाही उडत, ती मांसातच राहते आणि काही दिवसांत खवट होते, मग अख्ख्या बरणीला तो वास लागतो. त्यामुळे मांडीचा किंवा पुठ्ठ्याचा भाग घ्या, आणि पांढरं दिसेल ते सुरीने काढत राहा, कंटाळा करू नका.

मांस फ्रीझरमध्ये तास-दोन तास ठेवा, दगड होऊ द्यायचं नाही, बोटाने दाबलं तर जेमतेम दबेल इतकं घट्ट. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि एक पट्टी जाड एक पातळ होते, मग पातळ करपते आणि जाड आत ओली राहते. जाडी ६ मिलीमीटरपेक्षा जास्त नको. मांसाचे धागे कोणत्या दिशेने गेलेत ते बघा: धाग्यांना आडवं कापलं तर जर्की दाताने सहज तुटते, धाग्यांच्या दिशेने कापलं तर बराच वेळ चघळावी लागते. मला आडवं कापलेलं आवडतं, पण यात बरोबर-चूक काही नाही.

खिम्याची जर्की पहिल्यांदा करू नका. अख्ख्या मांसाच्या तुकड्यात बॅक्टेरिया बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, खिमा करताना वरचं सगळं आत मिसळतं.

डुक्कर किंवा रानटी प्राण्याचं मांस असेल तर ट्रिकिनेला नावाच्या परजीवी जंताचाही विचार करावा लागतो. त्यासाठी १५ सेंटीमीटरपेक्षा जाड नसलेला तुकडा उणे १८ डिग्रीला निदान ३० दिवस गोठवायला सांगतात, पण काही रानटी प्राण्यांतले जंत गोठवण्यालाही पुरून उरतात, आणि बॅक्टेरिया तर गोठवून सगळे मरत नाहीत. म्हणजे ७१ डिग्री चुकवता येत नाही ते नाहीच.

मॅरिनेट करायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. सोया सॉस, मीठ, थोडी साखर, मिरी, लसूण, जे आवडेल ते. ४ ते ६० डिग्रीच्या मधला पट्टा बॅक्टेरियांना मानवतो, त्यात मांस उगाच पडून राहू द्यायचं नाही.

ओव्हनमध्ये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मला सगळ्यात खात्रीचं वाटतं ते मॅरिनेडमध्येच उकळणं. पट्ट्या आणि मॅरिनेड एका पसरट भांड्यात घ्या, उकळी आणा, उकळी आल्यावर ५ मिनिटं ठेवा, बाहेर काढून निथळत ठेवा. पट्ट्या थोड्या आक्रसतात आणि करड्या दिसतात, ते बघून खट्टू होऊ नका, वाळल्यावर रंग गडद होतो. दुसरा मार्ग म्हणजे पट्ट्या ट्रेवर पसरून गरम ओव्हनमध्ये ७१ होईपर्यंत भाजायच्या.

६ मिलीमीटरच्या पट्टीत थर्मामीटर खुपसणार कुठे? खुपसायचा नाही. चिमट्याने गरम पट्टी उचला आणि थर्मामीटरच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळा, दोन वेढे बसले की आकडा चढायला लागतो, स्थिर झाला की वाचा. दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर बघा, कडेची एक आणि मधली एक तरी.

मग वाळवणं. जाळीवर पट्ट्या एकमेकींना न चिकटवता मांडा, खाली ट्रे ठेवा थेंब पडायला. ओव्हन ६० च्या जवळ लावा. बऱ्याच घरगुती ओव्हनचं किमान तापमान ७५-८० पासून सुरू होतं, तेव्हा दार थोडं उघडं ठेवा, फटीत लाकडी चमचा अडकवला की काम होतं (गॅसचा ओव्हन असेल किंवा घरात लहान मूल असेल तर हे करू नका, डिहायड्रेटरच बरा). दार उघडं ठेवायचं खरं कारण ओलावा बाहेर जाणं हे आहे. बंद दारामागे वाफ कोंडते आणि मांस वाळायच्या ऐवजी शिजत बसतं, पावसाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत घातल्यासारखं. समोर छोटा पंखा लावला तर आणखी छान. फॅनवाला ओव्हन असेल तर प्रश्नच नाही.

वेळ ४ तासांपासून १० तासांपर्यंत काहीही लागू शकतो. कुठल्याही रेसिपीतल्या "बरोबर ६ तास" वर विश्वास ठेवू नका, जाडी, हवेतला ओलावा, ओव्हन, सगळं बदलतं.

तापमान वाढवून लवकर का नाही उरकायचं?

मी हे केलेलं आहे म्हणून सांगते. घाई होती, ओव्हन ९५ वर लावला, तीन तासांत पट्ट्या बाहेरून इतक्या कडक आणि चकचकीत झाल्या की मी खुशीत बरणी भरली. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास, आणि पट्ट्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके. एक पट्टी मोडून बघितली, आत जांभळट, ओली, दाबली तर बोटाला पाणी लागत होतं. सगळं फेकावं लागलं, आणि अर्धा किलो मांस आणि एक अख्खी संध्याकाळ गेली त्याचं खूप वाईट वाटलं.

डबक्यातला चिखल वरून सुकून भेगा पडलेला दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो, तसं होतं हे. पृष्ठभाग फार वेगात वाळला की त्याची एक कडक साल तयार होते आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला वाटच राहत नाही. सावकाश वाळवलं की आतलं पाणी बाहेर येत राहतं आणि बाहेरचं उडत राहतं.

एअर फ्रायर, डिहायड्रेटर, मायक्रोवेव्ह?

डिहायड्रेटर या कामासाठीच बनलेला आहे, फक्त तापमान ठरवता येणारा घ्या. पण तो ६०-७० डिग्रीवर चालतो म्हणून आधी उकळायची गरज नाही असं समजू नका, ओल्या मांसाचं गणित तिथेही तेच आहे. एअर फ्रायरला डिहायड्रेट मोड असेल तर थोड्या मांसासाठी चांगला, नसेल तर त्याचं किमान तापमान बहुतेक वेळा जास्तच असतं. आणि शेवटी शेवटी हलक्या झालेल्या पट्ट्या त्यातल्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतात, वर छोटी जाळी ठेवा. मायक्रोवेव्ह नको, तो एका जागी करपवतो आणि शेजारी कच्चं ठेवतो.

"आधी उकळलं तर ती जर्की कसली?"

ही तक्रार खरी आहे, पोत थोडा बदलतो, उकळलेली जर्की किंचित भुसभुशीत होते. ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: कच्च्या पट्ट्या ६० डिग्रीवर वाळवा आणि वाळल्यावर १३५ डिग्रीच्या, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवा. पट्ट्या ६ मिलीमीटर किंवा त्याहून पातळ असतील तरच हे लागू होतं. तरी दोन्हींत मी पहिलाच निवडेन, आणि घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं खाणार असतील तर नक्कीच.

"पूर्वीचे लोक उन्हातच वाळवायचे की"

वाळवायचे, पण उंचावरच्या कोरड्या, थंड हवेत. दमट हवेत मांस उन्हात ठेवलं तर ते तासन्‌तास नेमकं ३०-४० डिग्रीवर राहतं, म्हणजे बॅक्टेरियांना हवं तसं. आणि ते खाऊन कोण कोण आजारी पडलं याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

"मीठ आणि व्हिनेगर भरपूर घातलंय"

दोन्ही मदत करतात, पण ७१ डिग्रीचं काम करत नाहीत. नुसत्या मिठावर भरवसा ठेवायचा तर इतकं मीठ लागेल की जर्की खाता येणार नाही, आणि ई. कोलायचा तो प्रकार आंबटपणा बऱ्यापैकी सहन करतो. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग करतात ते व्हिनेगर लावून, न शिजवता, जाड तुकडे टांगून. तो वेगळा पदार्थ आहे, वेगळी पद्धत आहे, त्यातलं "न शिजवता" एवढंच उचलून जर्कीला लावू नका.

क्युरिंग सॉल्टबद्दलही विचारतात. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ, आणि साध्या मिठात गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. त्याने रंग लालसर राहतो आणि काही बॅक्टेरियांना आळा बसतो. घरच्या जर्कीला ते लागतंच असं नाही. वापरायचं तर किलोला २.५ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने कधीच नाही, कारण जास्त झालं तर विष आहे. आणि स्वयंपाकातलं गुलाबी सैंधव म्हणजे हे नव्हे, दोघांचा रंग सोडला तर काही संबंध नाही.

झाली की नाही, आणि ठेवायची कशी

एक पट्टी बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना सगळ्याच पट्ट्या मऊ लागतात आणि आपण उगाच आणखी वाळवत बसतो. थंड झाली की सावकाश वाकवा. वाकताना बाहेरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या आणि भेगेत पांढरे धागे दिसले, पण पट्टी दोन तुकडे होऊन तुटली नाही, म्हणजे झाली. नुसती रबरासारखी वाकली तर अजून वेळ आहे, कट्‌कन मोडली तर जास्त झाली (खायला काही हरकत नाही, सूपमध्ये मस्त लागते). वजन करून ठेवलं असेल तर आणखी सोपं, एक तृतीयांशाच्या आसपास आली का बघा.

वर तेलाचे बारीक थेंब आले असतील तर पट्ट्या गरम असतानाच कागदाने टिपून घ्या. हवाबंद डब्यात बाहेर ठेवली तर दोन आठवड्यांत संपवा, जास्त ठेवायची तर फ्रिज किंवा फ्रीझर.

बरणी शक्यतो काचेची घ्या आणि पहिला दिवस ती डोळ्यासमोर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून दव धरलेलं दिसलं तर आत अजून पाणी आहे, सगळ्या पट्ट्या परत ६० डिग्रीवर तासभर टाका. चार दिवस तसंच दव राहून मग लक्षात आलं, तर मात्र त्या पट्ट्या परत वाळवू नका, फेकून द्या.